दोनशे तेरा मतांचा मुखत्यार

४ जानेवारी

निवृत्त झालो त्या आठवड्यात ही वही आणली होती. रोज काहीतरी लिहायचं असं ठरवलं होतं. सात महिन्यांत पहिल्या पानावर माझं नाव पडलं आणि दुसऱ्यावर बायकोने साबणाची नि दिव्यांची यादी केली. आज नोंद करण्याजोगं घडलं म्हणून तिसऱ्या पानावर तारीख घातली आहे.

नव्या पद्धतीची नोंदणी आजपासून सुरू झाली. शहराचे कायदे यापुढे निवडून आलेली मंडळी परस्पर करणार नाहीत. मसुदा ते लिहितील, पण होय की नाही हे लोकांनी मत देऊन ठरवायचं. दर कायद्याला वेगळं मत. ज्याला वेळ नाही, समजत नाही किंवा कंटाळा आहे, त्याने आपलं मत विश्वासातल्या एखाद्या माणसाकडे सोपवायचं. त्याला मुखत्यार म्हणायचं. त्याची निवडणूक नाही, मुदत नाही. लोकांनी वाटेल तेव्हा मत द्यावं, वाटेल तेव्हा काढून घ्यावं.

संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सहा जण फॉर्म घेऊन आले. मला नवल वाटलं नाही, आणि वाटलं नाही हे इथे लिहायला हरकत नाही. वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. ज्या दुकानाची तागडी तपासली तिथे पाण्याचा पेलासुद्धा कधी तोंडाला लावला नाही. सासऱ्यांच्या किराणा दुकानातल्या दोन किलोच्या वजनाच्या बुडाचं शिसं कुणीतरी खरवडलेलं सापडलं, तेव्हा ते वजन मी रीतसर जप्त केलं. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. हा किस्सा अख्खी गल्ली सांगते. बायको सांगत नाही.

ताईपण आली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यापासून अकरा वर्षं त्यांचा लाकडी सामानाच्या पॉलिशचा कारखाना तीच चालवते. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दोन बायका कामाला, आणि वर तिचं बिऱ्हाड. म्हणाली, "ते मसुदे वाचत बसायला मला कुठे सवड आहे? माझं तुझ्याकडे असू दे." सही केली आणि फॉर्मवर तपकिरी बोट उमटवून गेली. बायकोनेही सही केली, पण आधी फॉर्म दोनदा वाचला.

२१ जानेवारी

मुखत्याराला एक कार्ड मिळतं. ते नोंदणी कार्यालयाच्या यंत्रात घातलं की आपल्याकडे किती मतं आहेत तो आकडा दिसतो. नावं दिसत नाहीत. कुणी काढून घेतलं तर मुखत्याराने त्याच्यावर डूख धरू नये म्हणून ही सोय आहे. चांगली सोय आहे. आज आकडा १६८.

९ फेब्रुवारी

परवा पहिलं मतदान झालं. इमारतींच्या गच्चीवरच्या जाहिरातफलकांचा कायदा. मसुदा सेहेचाळीस पानांचा. मी पेन्सिल घेऊन तीन वेळा वाचला, एका ठिकाणी फूट आणि मीटर यांची गल्लत सापडली, तशी कार्यालयाला लेखी कळवली. मग 'होय' दिलं.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये गेलो, तेव्हा मी काय मत दिलं हे कुणी विचारेल अशी अपेक्षा होती. सलूनवाल्याने विचारलं, "कल्ले किती ठेवू?" त्याचं मत माझ्याकडे आहे. मी आपणहून सांगायला लागलो तर म्हणाला, "साहेब, तुम्ही आहात ना, मग मी कशाला डोकं घालू?" विश्वास म्हणावा तर विश्वास आहे. पण मी उद्या उलटं मत दिलं असतं तरी त्याने कल्लेच विचारले असते.

१६ फेब्रुवारी

लोकांना ही पद्धत नीट कळलेली नाही. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा विचारायला आले होते, की मत तुमच्याकडे दिलंय तर आता रेशनकार्डही तुमच्याकडेच द्यायचं का. मागच्या इमारतीतली एक बाई सांगून गेली, की गाड्यांबद्दलचे कायदे तिच्या मनासारखे आणि बाकीचे माझ्या मनासारखे करावेत. तिसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोचं आपापसात पटत नाही, तरी दोघांनी मलाच दिलं आहे. नवरा म्हणाला, निदान एवढ्या बाबतीत तरी भांडण नको.

आकडा २१४.

२३ फेब्रुवारी

आकडा २१३. एक गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही, फक्त कोण असेल याचा विचार दिवसभर केला. सलूनवाल्यावर संशय आहे. परवा दाढी करताना गप्प होता.

बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, ज्याचं होतं त्याने घेतलं असेल. मग निवडलेल्या पालेभाजीची देठं उचलून आत गेली.

३ मार्च

पुलापलीकडे एका चार मजली इमारतीत पहाटे आग लागली. तळमजल्यावर फोमच्या गाद्या चिकटवायचं काम चालायचं, तिथले थिनरचे डबे पेटले. वरच्या मजल्यावरची दोन माणसं गेली. आठ वर्षांची एक मुलगी खूप भाजली आहे. सकाळी ताईला फोन केला. तिला बातमी माहीत होती. ती फार काही बोलली नाही, कामावरच्या बायका आल्यात म्हणाली.

१४ मार्च

मसुदा आला. राहत्या इमारतीत ज्वलनशील द्रव साठवून कुठलाही धंदा करायला बंदी. साठ दिवसांत जागा मोकळी करायची. परिशिष्टात धंद्यांची यादी आहे. सातव्या क्रमांकावर लाकडी सामानाचं पॉलिशकाम. मतदान १७ एप्रिलला.

ताईला शहराबाहेर शेड घेणं या वयात झेपणारं नाही. कायदा झाला तर तिचा कारखाना बंद होणार, एवढं सरळ आहे.

माझ्याकडे दोनशे तेरा मतं आहेत. त्यातलं एक तिचं आहे.

१६ मार्च

खात्यात असताना याबद्दल नियम स्पष्ट होता. तपासणी चालू असेल तोवर दुकानदाराशी खाजगीत बोलायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, वाटेत भेटला तर नमस्कार करून पुढे व्हायचं. मतदान होईपर्यंत ताईकडे जायचं नाही असं ठरवलं. दर बुधवारी मी तिच्याकडे जातो. उद्या बुधवार आहे.

बायको म्हणाली, ती काय दुकानदार आहे का? मी म्हटलं, या प्रकरणापुरती आहे.

२२ मार्च

आज सकाळपासून माणसांची रीघ. छापखानेवाला आला, शाई आणि केरोसीनही परिशिष्टात आहे म्हणून. बूट शिवणारे दोघे भाऊ आले, त्यांच्या तळवे चिकटवायच्या द्रावणाच्या डब्यासाठी. मग शाळेतल्या एक बाई आल्या. भाजलेली मुलगी त्यांच्या वर्गातली. त्या काही मागायला आल्या नव्हत्या. तिचा बाक रिकामा ठेवलाय एवढंच सांगून गेल्या. मी सगळ्यांचं नोंदून घेतलं, चहा कुणालाच विचारला नाही.

दुपारी ताईच्या वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू आला. त्याला दोन लहान मुलं आहेत. त्याचं म्हणणं, ताईंबद्दल तक्रार नाही, त्या आमच्या मुलांना आपली समजतात. आग लागल्यापासून त्यांनी स्पिरिटचे डबे मागच्या अंगणात नेलेत, झोपायच्या आधी दोन-दोनदा खाली जाऊन बघून येतात, परवा तर मुलांना दोराची शिडी आणून दिली. "त्यांना काय झालंय कळत नाही," म्हणाला. "पण मला विचाराल तर कायदा व्हावा."

त्याचं म्हणणं एका बाजूचं म्हणून नोंदवलं. ताईने शिडी आणली याचा उपयोग तिच्या बाजूने होऊ शकतो, कारण त्यातून खबरदारी दिसते. तेही नोंदवलं.

२८ मार्च

रविवार. अकराच्या सुमारास जिन्यात ताईचा आवाज आला. मी बाल्कनीत गेलो आणि बायकोला खूण केली, की मी घरी नाही म्हणून सांग. बायकोने माझ्याकडे असं काही बघितलं की सासऱ्यांच्या वजनाची आठवण झाली. पण तिने सांगितलं.

बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे मी वीस मिनिटं उभा होतो. आतलं नीट ऐकू येत नव्हतं. जाताना ताई दारात म्हणाली ते मात्र ऐकलं. "त्याला म्हणावं, एकदा बोलायचं होतं. घाई नाही." खाली उतरताना तिने कठडा धरला होता, तेवढं वरून दिसलं. गुडघा दुखत असावा.

माझा स्वभाव मऊ नाही, पण हे मला आवडलं नाही. पण ती काय बोलणार हे ठाऊक असताना भेटणं बरोबर नव्हतं. तिने एकदा म्हटलं असतं, की बाबा रे, माझं पोट त्यावर आहे, की मग माझ्या 'नाही'ला काय अर्थ राहिला असता? आणि 'होय' दिलं असतं तर लोक म्हणाले असते, स्वतःचा निष्पक्षपणा मिरवायला बहिणीला बुडवलं. सासऱ्यांच्या वेळी म्हणाले तसे.

बायकोने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, त्या रडगाणं गायला आल्या होत्या?" मी म्हटलं, मग कशाला आली होती? ती म्हणाली, "मला नाही माहीत. मी त्यांना बसा म्हटलं, चहा दिला, त्यांनी तुमच्या खुर्चीकडे बघत तो थंड केला."

१ एप्रिल

मार्ग सापडला. मीच शोधून काढला असं नाही, तो माझ्या नोकरीतच होता. नातलगाचं दुकान आपल्या वॉर्डात आलं, की आम्ही ते शेजारच्या वॉर्डाच्या निरीक्षकाकडे सोपवायचो. लेखी, एका ओळीत. त्याने तपासायचं, त्याने शिक्का मारायचा, आपण बघायचंही नाही. सासऱ्यांच्या वेळी मी ते केलं नाही, तेव्हा नवा होतो. पुढे अठरा वेळा केलं आणि एकदाही बोट ठेवायला जागा राहिली नाही.

नव्या पद्धतीत तशी सोय आहे. मुखत्याराला एखाद्या कायद्यापुरती आपल्याकडची सगळी मतं दुसऱ्या मुखत्याराकडे वळवता येतात. मी बंबवाल्या साहेबांचं नाव नक्की केलं. अग्निशमन दलात अडतीस वर्षं काढलेला माणूस. आगीबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? त्यांच्याकडे ३६७ मतं आहेत असं ऐकतो.

बायकोला सांगितलं. ती उशांना अभ्रे घालत होती.

"लोकांनी तुम्हाला दिलं होतं. बंबवाल्यांना द्यायचं असतं तर त्यांनाच दिलं असतं."

"मी यात गुंतलेलो आहे."

"गुंतलेलेच तर आहात. म्हणून तर दिलं ना ताईंनी." मग अभ्र्याचं बटण लावत म्हणाली, "ह्याला आमच्याकडे हात झटकणं म्हणतात."

तिला कार्यपद्धती म्हणजे काय ते कधी समजलं नाही. पण तिचं म्हणणंही इथे नोंदवून ठेवतो.

५ एप्रिल

वळवण्याचा फॉर्म भरला. खिडकीवर एक चष्मेवाल्या बाई असतात. त्यांनी शिक्का मारताना विचारलं, "मतं देणाऱ्यांना कळवलंत?" मी इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली आहे असं सांगितलं. ते खरं आहे. ताई या इमारतीत राहत नाही, पण तिला वेगळं कळवणं म्हणजे तिच्याशी बोलणंच झालं असतं.

बाहेर आलो तर बरं वाटलं. महिनाभर मान आखडली होती, ती मोकळी झाली.

मी कुठल्या बाजूचा आहे हे मात्र आता लिहून ठेवायला हरकत नाही, कारण त्याचा परिणाम होणार नाही. मसुदा चार वेळा वाचला. कायदा व्हायला हवा.

१७ एप्रिल

मतदान. मला काही काम नव्हतं. खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचलं. बायको भाजी आणते म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली ती अडीच तासांनी आली, पिशवी रिकामी. विचारलं तर म्हणाली, गर्दी होती. मंडईत इतकी गर्दी का असावी कळत नाही. हल्ली ती विसरभोळी झाली आहे.

जेवायला वरण-भात होता.

१९ एप्रिल

कायदा मंजूर झाला. अख्ख्या शहरात फक्त ८६ मतांच्या फरकाने.

म्हणजे बंबवाल्यांनी 'होय' दिलं असणार. त्यांच्याकडची ३६७ आणि माझी २१३. मी दिलं असतं तरी तेच झालं असतं. ताईचं वाईट वाटतं. पण ज्याने ठरवलं त्याला आगीतलं कळतं आणि तो तिचा कुणी नाही, एवढं तरी तिला सांगता येईल.

२० एप्रिल

सांगता येणार नाही.

सकाळी कार्यालयात गेलो. मला फक्त नोंदीची नक्कल हवी होती. चष्मेवाल्या बाईंनी कागद काढला, बघितला, उलटून बघितला आणि मला आत बोलावून खुर्ची दिली. एकतीस वर्षांत मी लोकांना अशी खुर्ची तेव्हाच द्यायचो जेव्हा बातमी वाईट असायची.

माझी मतं बंबवाल्यांकडे गेली, हे बरोबर. पण बंबवाल्यांनी आपली सगळी मतं या कायद्यापुरती डॉक्टरीणबाईंकडे वळवली होती. आपल्याच सहीने त्या जळलेल्या इमारतीला नऊ वर्षांपूर्वी ना हरकत दाखला गेला होता, म्हणून आपण ठरवणं योग्य नाही, असं त्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे ५०८ मतं. त्या भाजलेल्या मुलीवर उपचार करताहेत. रागाच्या भरात मत द्यायचं नाही म्हणून त्यांनी आपली मतं अशा एका माणसाकडे वळवली, ज्याच्या निष्पक्षपणाबद्दल शहरात दुमत नाही.

ते माझं नाव होतं.

"म्हणजे मत शेवटी कुणी दिलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून ह्यांच्याकडे, ह्यांच्याकडून परत तुमच्याकडे. यंत्र तीन वेळा फिरतं आणि मग बाजूला ठेवून देतं. नियमावलीत पान अकरावर आहे."

एकूण एक हजार अठ्ठ्याऐंशी मतं. फरक शहाऐंशीचा. मी विचारलं, आधी कळवायला नको होतं का? त्या म्हणाल्या, कुणी कुणाकडे वळवली हे निकालापर्यंत गुप्त ठेवायचं असतं, दबाव येऊ नये म्हणून. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, की अशी वर्तुळं लबाड माणसांची होत नाहीत. लबाड माणसं मत हातातून सोडत नाहीत.

बेरीज तिथेच पुन्हा करून बघितली. बरोबर होती.

२२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आम्ही तिघे भेटलो, पेशंट संपल्यावर, दुपारी. बंबवाले साहेब टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांची माफी मागण्यात घालवली. ते म्हणाले चूक माझी, बाई म्हणाल्या माझी, मी म्हटलं माझी. शेवटी बाईच हसल्या आणि म्हणाल्या, हेही आपण फिरवतच बसलोय.

मग मी विचारलं, की आपण दिलं असतं तर काय दिलं असतं. बंबवाले म्हणाले 'नाही', कारण साठ दिवसांत कुणी शेड उभारत नाही, माणसं डबे लपवतील आणि लपवलेला डबा उघड्यापेक्षा वाईट. मुदत दोन वर्षांची असती तर 'होय'. बाई म्हणाल्या 'होय'. त्यांनी मुलीच्या हातांचं काय झालंय ते आम्हाला सांगितलं. मी 'होय' म्हटलं.

म्हणजे तरीही कायदा झालाच असता, आणि जास्त मतांनी. हे घरी येताना लक्षात आलं. तेवढ्या रस्त्यापुरतं हलकं वाटलं, नंतर नाही.

३० एप्रिल

आकडा २३१. निकालाच्या आठवड्यात अठरांची वाढ. बहिणीचं प्रकरण होतं तर त्याने मतच दुसऱ्याकडे दिलं, असला माणूस मिळणार नाही, असं गल्लीत बोललं जातंय. वर्तुळाचं छापून आलं होतं, पण ते कुणी शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही. सलूनवाल्याने दाढीचा साबण फेसाळता फेसाळता अभिनंदन केलं. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिघेही सज्जन."

ताईकडे गेलो नाही. आता नियमाची आडकाठी नाही, तरी गेलो नाही. दोन बुधवार गेले.

९ मे

रविवार. ताई आली. या खेपेला मी दार उघडलं.

कारखान्याची आवराआवर झाली. चपडी लाखेची पोती आणि उरलेलं स्पिरिट एका फर्निचरच्या कारखान्याने नेलं, तिच्याकडच्या दोघी बायकांनाही तिथे काम मिळालं. तिलाही बोलावलंय, नवीन मुलींना पॉलिशचा बोळा लाकडावर कसा फिरवायचा ते शिकवायला, आठवड्यातून तीन दिवस. हे तिने बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. बायको चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघराचं दार तिने ओढून घेतलं.

मी ताईसाठी सगळं तयार ठेवलं होतं. कागदावर तीन चौकोन काढले, बाण काढले, आकडे लिहिले. मी का वळवलं, खात्यात नियम काय होता, भेटलो का नाही, बंबवाल्यांनी काय केलं, पान अकरा. ती मध्ये बोलली नाही. लहानपणी मी परीक्षेहून आलो की पेपर कसा गेला ते ती असंच ऐकायची, तोंडाकडे बघत. माझं संपल्यावर तिने कागद स्वतःकडे फिरवून घेतला.

"ह्यात माझं कुठे आहे?"

मी २१३ वर बोट ठेवलं.

"तू काय म्हणाला असतास? होय की नाही?"

खोटं बोलायचं मनात आलं. सांगितलं, "होय. कायदा व्हावा."

तिने मान हलवली. "मलाही वाटायचं व्हावा. वरच्या पोरांच्या पायांचा आवाज आला की वाटायचं, उद्याच बंद करावा. आणि सकाळी त्या दोघी कामाला आल्या, डबे उघडले, की वाटायचं, असा कसा बंद करू, हा मला तुझ्या मेहुण्यांच्या हातून मिळालाय. सहा आठवडे मी हेच करत होते. एक दिवस होय, एक दिवस नाही."

मी म्हटलं, मला वाटलं तू 'नाही' दे म्हणून सांगायला आली होतीस.

"मी विचारायला आले होते. तू काय ठरवलंयस ते. तू होय म्हणाला असतास तर भांडले असते तुझ्याशी, चांगली तासभर भांडले असते, आणि मग घरी जाऊन झोपले असते. माझं मी ठरवू शकत नव्हते रे. म्हणून तुझ्याकडे राहू दिलं होतं."

मला आठवत नाही मी काय करत होतो. बहुतेक पेन्सिल हातात होती.

"तुलाही ठरवता येत नव्हतं, तर मला परत द्यायचं होतंस," ताई म्हणाली. "त्या बंबवाल्याला मी ओळखतही नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

चहा आला. तिने तो गरम असतानाच घेतला. मग म्हणाली, की तिने आपलं मत माझ्याकडून काढून घेतलंय, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, मला आपलं माहीत असावं म्हणून सांगते. मी विचारलं, कुणाला दिलंस. तिने कुणालाच दिलं नव्हतं.

तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. वाटेत ती गुडघ्याबद्दल बोलली, कारखान्यातल्या नव्या मुलींबद्दल बोलली. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरायला हात पुढे केला. ती म्हणाली, राहू दे, मला जमतं.